पंचफुलाबाईच्या नऊ नळ्या

आमच्या चांदूर रेल्वेत पंचफुलाबाईनं दुसऱ्यांसाठी काय काय केलं, त्याची यादी करायला बसलं तर वही पुरत नाही. काय केलं नाही ते सांगणं सोपं. तिनं दुसऱ्याच्या वतीनं लग्न केलं नाही आणि दुसऱ्याच्या वतीनं मेली नाही. बाकी सगळं झालं आहे. त्यातलंही दुसरं, दोन वर्षांपूर्वी, थोडक्यात राहिलं.

पंचफुलाबाई म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाची माळीण. तेव्हा वय बावन्न, अंगानं काटक, आवाज असा की मालगाडीनं भोंगा वाजवताना आधी विचार करावा. नाल्याच्या काठाला त्यांचं दोन एकर ओलिताचं शेत आहे. नवरा श्रावण तिथं मेथी, पालक, वांगी पिकवतो आणि बोलत नाही. पंचफुलाबाई ते बाजारात विकते आणि त्याच्या वाटचंही बोलते. म्हणजे दुसऱ्याचं काम अंगावर घ्यायची सुरुवात घरातूनच झाली.

चक्कीवर जायचं झालं की तिच्या हातगाडीवर गल्लीतले नऊ डबे असत. कोणाचा गहू जाडा, कोणाचा बारीक, कोणाच्या ज्वारीत उडीद घातलेत, सगळं तोंडपाठ. राशनच्या रांगेत ती एकटी पाच घरांच्या जागा धरायची. पुढं दुकानात अंगठ्याचं मशीन आलं आणि तिचा हा कारभार बसला. आजही त्या मशीनचं नाव काढलं की ती म्हणते, माणसावर भरवसा नाही म्हणून बोटावर ठेवून राहिले. पण तिची खरी कमाल उपासात. शेजारच्या सत्यभामाकाकूंना सोळा सोमवार झेपेनात, चौथ्या सोमवारीच चक्कर येऊन पडल्या. उरलेले बारा पंचफुलाबाईनं केले, सत्यभामाच्या नावानं संकल्प सोडून. वर्षभरात सत्यभामाकाकूंना मुलगा झाला. देवानं पावती कोणाच्या नावावर फाडली ते त्यालाच ठाऊक, पण माल बरोबर पत्त्यावर पोचला. तेव्हापासून गल्लीत कोणालाही काही जमेनासं झालं की एकच उपाय, 'पंचफुलाले दे.'

मी याच गल्लीतला. अंकुर. बायोटेक शिकायला गेलो तेव्हा वडलांना वाटलं पोरगा बियाण्याच्या कंपनीत लागेल, सरकीचं पोतं सवलतीत मिळेल. लागलो अमरावतीला, राजापेठेतल्या एका लॅबमध्ये. ट्युशन क्लासच्या वर दुसऱ्या माळ्यावर. रोज अप-डाउन करतो. लोकांनी दिलेल्या नळ्या उघडायच्या आणि त्यांत कोणता विषाणू दडला आहे ते मशीनकडून काढून घ्यायचं, हे माझं काम. घरी कोणी विचारलं तर आई सांगते, 'तपासनीचं काम हाय.' कशाची तपासणी ते ती सांगत नाही, कारण त्या वर्षी आमच्याकडं ज्या नळ्या येत होत्या त्या बाईच्या पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, तोंडातून आलेल्या होत्या.

झालं असं, की अमरावतीच्या दामिनी मॅडम म्हणून एक बायकांच्या डॉक्टर आहेत, त्यांनी एक अभ्यास काढला होता. पिशवीच्या तोंडाला जो कॅन्सर होतो त्याच्या मागं बहुतेक वेळा एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. तो लवकर सापडला तर कॅन्सर व्हायच्या आत बंदोबस्त करता येतो. त्यासाठी तिथल्या पेशी घ्याव्या लागतात. आता प्रश्न असा, त्या घ्यायच्या कोणी? एक रीत जुनी. बाईनं दवाखान्यात टेबलावर झोपायचं आणि सिस्टरनं बारीक ब्रशनं पेशी घ्यायच्या. दुसरी रीत नवी. कोरोनात नाकात घालायचे तशी एक मऊ काडी घरी न्यायची, मोरीचं दार लावायचं, आपली आपण आत सरकवून पाच फेरे द्यायचे आणि नळीत बंद करायची. दुसरी रीत पहिलीइतकी भरवशाची निघाली तर लांब डोंगरातल्या धारणीकडच्या बायकांचं भलं होणार होतं. तिथून बाईला दवाखान्यात यायचं तर दिवस मोडतो. नळी काय, जीपमध्ये बसून एकटी येते.

म्हणून मॅडमनी ठरवलं, एकाच बाईच्या दोन्ही रीतींनी दोन नळ्या घ्यायच्या आणि ताडून पाहायच्या. चांदूर रेल्वेतलं काम शकुन सिस्टरांकडं होतं. आमच्या गल्लीत त्यांनी नऊ पाकिटं वाटली. माझ्या आईलाही एक मिळालं. मी ते पाहिलं नाही, आईनं ते दाखवलं नाही, आणि आम्ही दोघांनी त्या दिवशी पावसापाण्याबद्दल भरपूर बोलून घेतलं.

सगळ्या शहाण्या माणसांचा अंदाज एकच होता. बायका सिस्टरपुढं झोपायला लाजतील, घरच्या काडीला मात्र खुशीनं तयार होतील. आमच्या गल्लीनं हा अंदाज उलटा करून पालथा घातला. तो कसा, ते नंतर कळलं.

चार दिवसांनी सिस्टरांच्या डब्यातून नऊ नळ्या लॅबमध्ये आल्या. नळ्यांवर नाव नसतं, नंबर असतो. मी नऊही लावल्या. मशीननं नऊही पॉझिटिव्ह दिल्या. आणि नऊही एकाच जातीच्या, सोळा नंबरच्या. एचपीव्हीच्या सगळ्या जातींत ही सर्वांत चिवट.

आता हा विषाणू काही कोणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे, बहुतेक बायकांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो आणि आपला आपण निघूनही जातो. पण एकाच गल्लीत नऊपैकी नऊ, एकाच जातीचा, हे म्हणजे एकाच वर्गातल्या नऊ पोरांना गणितात त्रेसष्ट मार्क पडण्यासारखं झालं. मी पुन्हा लावल्या. पुन्हा तेच. मशीनची खोड नव्हती, कारण सोबत ठेवलेली कोरी नळी कोरीच निघत होती.

तेवढ्यात सिस्टरांनी गावात शिबिर भरवून ब्रशनं घेतलेल्या नळ्या आल्या. त्या नऊ पाहिजेत, पण आल्या आठ. एक बाई शिबिराला आलीच नव्हती. आणि आठही स्वच्छ. विषाणूचा मागमूस नाही.

दामिनी मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, ही घरची काडी म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा. चांगल्या बायकांना आजारी दाखवते आहे. असंच चाललं तर नवी रीत निकालात काढावी लागेल. मला धारणीची जीप रिकामी परत जाताना दिसायला लागली.

पण माझ्या डोक्यात दुसराच किडा वळवळत होता. त्या नऊ नळ्या जेव्हा डब्यातून निघाल्या तेव्हा सुट्या नव्हत्या. त्यांची जुडी बांधलेली होती. केळीच्या वाळल्या सालपटाच्या दोरीनं, दोन वेढे आणि बगलेतून काढलेली गाठ. ती गाठ सुटत नाही, कापावी लागते. मी लहानपणापासून आमच्या घरातली मेथीची जुडी विळीनं कापत आलो आहे. अशी गाठ अख्ख्या चांदूर रेल्वेत एकच बाई बांधते.

शिवाय मशीनचे आकडे पाहिले तर नऊ नळ्यांत विषाणू सारखा नव्हता. एका नळीत भरपूर, दुसरीत जरा कमी, तिसरीत त्याहून कमी, असा जिना उतरत उतरत एकीत अगदी जेमतेम. जसं काही एकाच रांजणातून नऊ तांबे भरावे आणि शेवटी गाळ यावा.

नावं मला कळत नाहीत आणि कळायलाही नकोत. पण गाठ कळली त्याला मी काय करू? शकुन सिस्टरांना फोन करून मी फक्त गाठीचं सांगितलं. मग सिस्टर म्हणाल्या, नऊ नळ्या एकदम, वेळेवर, बांधून मिळाल्या तेव्हाच आपल्याला संशय यायला पाहिजे होता. सरकारी कामात असं होत नसते.

त्या संध्याकाळी मी घरी आलो. आई भाकरी थापत होती. आईला असं काही विचारायची सोय आपल्या भाषेत कोणी करून ठेवलेली नाही. मी पाण्याचा तांब्या भरला, प्यालो, पुन्हा भरला. शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत विचारलं की त्या काडीचे किती फेरे द्यायचे होते.

"कोनत्या काडीचे?" आई म्हणाली.

मी म्हटलं, पाकिटातल्या.

भाकरी तव्यावर पडली. आईनं माझ्याकडं पाहिलं नाही, मी कॅलेंडर सोडलं नाही. एकादशी गुरुवारी होती.

"थे पंचफुलाले माहीत," आई म्हणाली. "मी तिले देऊन देलं. समद्यायनंच देलं. आमच्यानं नाई होत बाप्पा तसले कामं."

मी कॅलेंडरलाच विचारलं, मग सिस्टरच्या टेबलावर कशा झोपल्या तुम्ही?

"तिथं काय, डोळे मिटले का झालं. करनारी ती, लाज तिची. इथं करनारे आपुन." आणि मग भाकरी उलटता उलटता, "तू माया पोरगा हायस का ठानेदार?"

म्हणजे उलटं निघालं ते हे. आठ बायका सिस्टरपुढं डोळे मिटून पडल्या, पण स्वतःच्या हातानं काडी घ्यायला एकीचीही छाती झाली नाही. आणि नववी, जिनं नऊ पाकिटं निवांत उरकली, ती शिबिराच्या दिवशी बाजारात वांगी विकत बसली. कारण तिच्या मते तिचं काम नऊ वेळा झालेलं होतं.

हे लक्षात आलं आणि माझ्या हातातला तांब्या हातातच राहिला. नऊ नळ्या खोट्या नव्हत्या. घरची काडी खोटी नव्हती. नवांतली आठ नावं खोटी होती. आजार एकीला होता, आणि ती नेमकी ती एक होती जिची दुसरी नळी कोणाकडं नव्हती. मॅडमनी नऊच्या नऊ नळ्या चुकीच्या म्हणून कपाटात ढकलल्या असत्या तर पंचफुलाबाई पुढं पाच-सात वर्षं आनंदानं वांगी विकत राहिली असती, आणि मग एक दिवस नसती विकली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर बाजारात आल्या. मी शेजारच्या सांबाराच्या ढिगाजवळ उभा राहिलो. सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर. पुण्याच्या वाचकांनी डोसा शोधू नये. सिस्टरांनी पंचफुलाबाईला ताडपत्रीच्या मागं नेलं, आवाज खाली ठेवा म्हणून सांगितलं. तिनं ठेवला. तिचा खालचा आवाज स्टेशनपर्यंत जात नाही, बाजाराच्या कमानीपर्यंतच जातो.

तिनं काही लपवलं नाही. लपवण्यासारखं तिला त्यात काही दिसतच नव्हतं. एका दुपारी बसून नऊही उरकल्या. प्रत्येकीला पाच फेरे, मोजून. नऊ पंचे पंचेचाळीस. एकाही घराला पाचाचा साडेचार दिला नाही.

"सत्यभामाचे सोमवार मीच केले ना?" ती म्हणाली. "तिले पोट्टं झालं का नाई झालं? देवाले चालते, तं तुमच्या लॅबले काहून नाई चालत?"

"देवाले माहीत असते बाई, उपास कोनाच्या नावाचा हाय थे," सिस्टर म्हणाल्या. "मशीनले नाव समजत नाई. मशीन एवढंच सांगते, का या पेशी जिच्या हायत तिच्या अंगात विषाणू हाय."

"मंग नऊ जनीले हाय म्हना."

"एकीले हाय."

पंचफुलाबाईच्या हातात मघापासून एक वांगं होतं. ते तिनं पदराला पुसलं आणि बाजूच्या टोपलीत ठेवून दिलं. किडकं वांगं ती ज्या टोपलीत टाकते त्या टोपलीत.

सिस्टरांनी तिला सगळं नीट सांगितलं. याचा अर्थ कॅन्सर झाला असा नाही. पण जात चिवट आहे, तेव्हा अमरावतीला मॅडमकडं येऊन टेबलावर झोपून एकदा पाहून घ्यावं लागेल. पंचफुलाबाईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, नळ्या पाहिजे तेवढ्या घ्या, आणखी नऊ भरून देते, पण टेबलावर नाही.

यात तिच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की तिनं गोष्ट दडवली नाही. सिस्टरांनी गोपनीयतेचा फॉर्म भरून घेतला होता. पंचफुलाबाईनं संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला, चक्कीवाल्याला आणि दोन गिऱ्हाइकांना स्वतःहून सांगून टाकलं की मले थो सोळा नंबरचा हाय. मी हे लिहितो आहे तेही तिच्याच परवानगीनं. अट एवढीच घातली आहे की वांग्याच्या भावाबद्दल काही लिहू नाही.

तीन आठवडे गेले. टेबल म्हटलं की ती उठून जायची. कारण तिनं फक्त माझ्या आईला सांगितलं, आणि आईनं मला सांगताना दिवा घालवला, म्हणजे माझं तोंड दिसू नये. पंचफुलाबाईचं माहेर अकोल्याकडचं. पहिल्या बाळंतपणाला तिथल्या एका दवाखान्यात नेलं होतं. एकोणीस वर्षांची पोर, टेबलावर पाय वर बांधलेले, आणि भोवती शिकायला आलेली सात-आठ पोरंपोरी. दार सताड उघडं. त्यांतला एक जण कशाला तरी हसला. कदाचित दुसऱ्याच कशाला हसला असेल. पण पुढची दोन बाळंतपणं पंचफुलाबाईनं मळ्यातल्या खोपटात उकिडवं बसून केली आणि ठरवलं, परत कोणापुढं आडवं पडायचं नाही. ती कोणासाठीही काहीही करते ती त्यामुळंच की काय, कोण जाणे. दुसऱ्याची कामं करणाऱ्याला कोणी टेबलावर झोप म्हणत नाही.

बरं, तिनं आपल्या परीनं तोडगा काढलाही. सिस्टरांना म्हणाली, सत्यभामा आडवी पडायला हुशार आहे, तिला माझ्या नावानं झोपवा. बारा सोमवारांचं तिच्याकडं येणं आहे.

सत्यभामाकाकू म्हणाल्या, मी तयार आहे. खरंच तयार होत्या. सिस्टरांनी डोक्याला हात लावला.

शेवटी रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर गल्लीच्या बायका जमल्या. मला दुकानात पाठवलं होतं, काय आणायला ते कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी खिडकीखाली थांबून आठवत होतो. बोलणं पुष्कळ झालं. एक म्हणाली पिशवीच काढून टाक, एक म्हणाली काढा पी, एक आपल्या नणंदेचं सांगू लागली आणि सांगतच राहिली. मग माझी आई बोलली. आई फार बोलत नाही, म्हणून सगळ्या गप्प झाल्या.

"पंचफुला, तुयाऐवजी आमाले झोपता आलं असतं तं आमी आठही झोपलो असतो. थे चालत नाई. पन दारात तं उभ्या राहू शकतो का नाई? आठ जनी हाओत. कोन आत येते पाहून घेऊ."

पंचफुलाबाई म्हणाली, येते, पण सावड होईल. शेतात सावड असते ना, तू माझ्या निंदणाला ये, मी तुझ्या येते, तशी. "मी आडवी पडतो. पन पह्यले तुमी आपापल्या नळ्या भरा. सोताच्या हातानं."

खिडकीखाली मला आठही जणींच्या बांगड्या एकदम वाजलेल्या ऐकू आल्या.

तो कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी झाला. सिस्टरांनी नवी पाकिटं आणली. पंचफुलाबाईनं प्लास्टिकची खुर्ची घेतली आणि एकेकीच्या मोरीच्या दाराशी मांडून बसली. दहावीच्या पेपराला भरारी पथक बसतं तशी. आत गेलेली बाई दोन मिनिटांत बाहेर आली तर तिला परत आत पाठवायची. बाहेरून फेरे मोजायची, एक झाला का, दोन झाला का, आणि हे सगळं कमानीपर्यंतच्या आवाजात. गल्लीतले पुरुष त्या दिवशी एकाएकी शेतात कामं निघाल्यासारखे पांगले. माझे वडील तर रिटायर आहेत, तेही कुठंतरी निघून गेले.

मंगळवारी आठ बायका आणि एक पंचफुलाबाई सकाळच्या गाडीनं अमरावतीला आल्या. मी त्याच गाडीत, दुसऱ्या डब्यात. पुढचं मला शकुन सिस्टरांकडून कळलं. दामिनी मॅडमच्या तपासणीच्या खोलीपुढं आठ जणींनी अशी फळी धरली की वाऱ्यालाही ओळखपत्र लागावं. एक शिकाऊ डॉक्टर मुलगी आली, तिला थांबवलं. वॉर्डबॉय आला, तो लांबूनच परतला. मॅडम स्वतः कॉफी घेऊन आल्या तर त्यांनाही नाव विचारलं. आतमध्ये लावायला पातळ व्हिनेगर लागतं. पिशवीच्या तोंडावर ते लावलं की बिघडलेला भाग पांढरा दिसतो. ते आणणारी नर्स दाराबाहेर अडकली. शेवटी बाटली आठ हातांतून पुढं सरकत दाराच्या फटीतून आत गेली. आतून पंचफुलाबाईचा आवाज आला, हे लोणच्यात घालतेत थेच का. मॅडम म्हणाल्या, हो, जवळपास तेच. "मंग मुरू द्या," पंचफुलाबाई म्हणाली. त्यावर मॅडम हसल्या. सिस्टर सांगतात, आपण क्षणभर घाबरलो, की मॅडम हसल्या, आता ही उठून जाते. पण पंचफुलाबाईही हसली. मग आठ जणी दाराबाहेर हसल्या, कशाला ते न कळता.

पांढरा डाग दिसला. तुकडा काढून तपासायला पाठवला. पंधरा दिवसांनी निकाल आला. कॅन्सर नव्हता, पण त्याच्या वाटेवरचं ठाणं होतं. आमच्या गावच्या माणसाला समजावं असं सांगायचं तर कॅन्सर म्हणजे अमरावती धरली तर पंचफुलाबाई बडनेऱ्याला, एकच स्टेशन अलीकडं, येऊन बसली होती. गाडी निघायच्या आत उतरवून घेतली. मॅडमनी जागा सुन्न करून तेवढा भाग तारेच्या छल्ल्यानं काढून टाकला, आणि बाई दुपारच्या गाडीनं घरी. त्याही दिवशी दारात आठ जणी होत्या. या वेळी शिकाऊ मुलीला आत सोडलं, कारण ती मधल्या काळात एकदा आमच्या बाजारात येऊन मेथी घेऊन गेली होती.

श्रावणकाका त्या दिवशी स्टेशनवर घ्यायला आले होते. काही बोलले नाहीत. पंचफुलाबाईनं त्यांच्या वाटचं विचारलं, कशी आहेस, आणि आपणच उत्तर दिलं, बरी हाय.

आता अभ्यासाचं. आठ जणींच्या स्वतः भरलेल्या नळ्या मी लावल्या. सात नळ्यांचा निकाल सिस्टरांच्या ब्रशशी तंतोतंत जुळला, सगळ्या स्वच्छ. आठव्या नळीत मात्र मशीनला माणूसच सापडला नाही. म्हणजे असं, की आम्ही विषाणूच्या आधी नळीत माणसाच्या पेशी आहेत की नाहीत ते पाहतो. त्या नव्हत्याच. काडी हवेत पाच वेळा फिरवून बंद केलेली. नाव माझ्याकडं नसतं, पण गल्लीकडं असतं, आणि सत्यभामाकाकू आठवडाभर पंचफुलाबाईच्या दारावरून गेल्या नाहीत. मग परत भरली, खुर्ची आत मोरीत ठेवून.

दामिनी मॅडमनी टोणगा परत घेतला. बाईनं स्वतःच घेतलेली काडी बऱ्यापैकी भरवशाची आहे, फक्त ती तिनं 'स्वतःच' घेतलेली असावी, असं त्यांच्या कागदात आता लिहिलेलं आहे. खाली बारीक अक्षरात एक टीप आहे, एका वस्तीतल्या नऊ नळ्या नमुना देणाऱ्याबाबत गोंधळ झाल्यानं हिशोबातून वगळल्या. मी हे पंचफुलाबाईला सांगितलं आणि पस्तावलो. तिला फार लागलं. पंचेचाळीस फेरे, आणि वगळल्या? त्यातली तिची तरी धरायला पाहिजे होती, ती तर खरी होती.

मी म्हटलं, मावशी, नळ्यांमधली तुमची कोणती होती?

"नववी," ती म्हणाली. "आपली आखरीले. घरच्या बाईनं आंधी वाढून घ्यावं का?"

तो जिना मला आठवला. सगळ्यांत जेमतेम विषाणू जिच्यात होता ती नळी. आठ जणींना भरपूर वाढून उरलेलं तिनं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. मशीननं तेवढ्यातही पकडलं, हे त्या काडीचं मोठेपण. मॅडमच्या कागदात ते आलेलं नाही.

छल्ल्यानं काढलं म्हणून संपलं असं होत नाही. वर्षानं पुन्हा तपासावं लागतं. गेल्या उन्हाळ्यात वर्ष भरलं. सकाळी सात वाजता मी स्टेशनच्या पायऱ्या चढत होतो तर मागून हाक आली, अंकुऱ्या. पंचफुलाबाई हातगाडी बाहेर लावून आली होती. खरं तर नळी सिस्टरांकडं द्यायची असते, पण सिस्टर दोन दिवस सुटीवर होत्या आणि तिला धीर नव्हता. तिनं पिशवीतून पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. नळी एकच. तरी तिला केळीच्या सालपटाची दोरी बांधलेली, दोन वेढे, बगलेतून गाठ.

"या टायमाले मायी पह्यली," ती म्हणाली. "अन् दुसरी नाई."

गाडी येत होती. तिनं मेथीची एक जुडीही दिली, ती आईसाठी, म्हणजे दिवसभर राजापेठेत मी मेथी घेऊन फिरायचं.

दुपारी मी ती नळी लावली. मशीनला माणूस सापडला. विषाणू सापडला नाही. दोरी मात्र मला या वेळीही कापावीच लागली.